‘माफ करणे’ लिहून शब्द पाठ होत नाही: इंग्रजी व्याख्या वाचायची कशी

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवणाऱ्यांच्या वह्या बहुतेक एकाच साच्याच्या असतात. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. ‘फर्गिव्ह’ म्हणजे माफ करणे. चार पानं उलटली की ‘पार्डन’ म्हणजे माफ करणे. पुढे ‘एक्स्क्यूज’, ‘वेव्ह’, ‘अ‍ॅब्सॉल्व्ह’, ‘कन्डोन’ आणि प्रत्येकासमोर तेच, माफ करणे. वही भरते, सहा शब्द पाठ होतात आणि हातात एकच शब्द उरतो, तोही आधीपासून येत असलेला.

आता या सहांकडे जरा नीट बघू. कॉलेजने फी माफ केली, तर तिथे ‘वेव्ह’. लाटेसारखाच उच्चार, स्पेलिंग वेगळं. ज्याचा घेण्याचा हक्क आहे त्यानेच तो सोडला, हा त्याचा गाभा. म्हणून कर्जमाफीला आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘लोन वेव्हर’ म्हणतात. राष्ट्रपती किंवा राज्यपाल शिक्षा माफ करतात तिथे ‘पार्डन’. राज्यघटनेच्या कलम 72 आणि 161 मध्ये हाच शब्द आहे. उशिरा आल्याबद्दल, मध्येच बोलल्याबद्दल ‘एक्स्क्यूज’, कारण चूक किरकोळ आहे. मनातला राग सोडून दिला तर ‘फर्गिव्ह’. दोषातून किंवा जबाबदारीतून औपचारिकपणे मोकळं केलं तर ‘अ‍ॅब्सॉल्व्ह’, आणि त्याच्यामागे ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑफ’ येतं.

‘कन्डोन’ तर माफ करणं नाहीच. चूक आहे हे माहीत असताना ती चालवून घेणं, खपवून घेणं. शिवाय ‘फर्गिव्ह’ माणसाला करता येतं, ‘कन्डोन’ माणसाला करता येत नाही. त्याचं कर्म वागणूक असते. आणि हा शब्द बहुतेक वेळा नकारातच भेटतो: ‘वी डू नॉट कन्डोन वायलन्स’. आम्ही हिंसा करत नाही एवढंच त्यात नाही, ती खपवूनही घेत नाही असं त्यात आहे. कोर्टात मात्र ‘कन्डोनेशन ऑफ डिले’ म्हणजे विलंबमाफी. वकिलांच्या रोजच्या बोलण्यातला हा अर्थ बरोबरच आहे, पण तो त्या शब्दाचा एक कोपरा झाला.

एवढं सगळं कुठून कळतं? व्याख्येतून. मराठी प्रतिशब्दातून नाही आणि ‘हजार महत्त्वाचे शब्द’ अशा याद्यांमधून तर नाहीच. पण व्याख्या वाचायची एक रीत असते आणि ती शाळेत कोणी शिकवत नाही.

सुरुवात कोश निवडण्यापासून. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी केलेले कोश आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश ही दोन वेगळी कुळं आहेत. पहिल्या कुळातली व्याख्या पुष्कळदा मूळ शब्दापेक्षा अवघड असते. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘नेटवर्क’ या साध्या शब्दाची व्याख्या वाचताना आणखी तीन-चार शब्द शोधावे लागतात, हे उदाहरण प्रसिद्धच आहे. हा गुंता सोडवणाऱ्यांपैकी एक, मायकेल वेस्ट, ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी कसं वाचता येईल हाच त्यांचा प्रश्न होता. 1935 मध्ये त्यांनी सुमारे 1500 निवडक शब्दांत सगळ्या व्याख्या बसवलेला कोश काढला. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. 1942 मध्ये तिथे निघालेला त्यांचा कोश पुढे ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश झाला. 1978 च्या लाँगमनने व्याख्यांसाठी सुमारे 2000 शब्दांची मर्यादा घालून घेतली. 1987 च्या कोबिल्ड या कॉलिन्सच्या कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली: एखाद्या माणसाने अमुक केलं, तर त्याने तमुक केलं असं म्हणतात.

ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज आणि कॉलिन्स, चौघांचेही शिकणाऱ्यांसाठीचे कोश आज इंटरनेटवर फुकट बघता येतात. एक मुख्य ठेवा, दुसरा अडल्यावर उघडा. तुमची पातळी जमते का हे तपासायला ओळखीचे नसलेले दहा शब्द काढा आणि त्यांच्या व्याख्या वाचा. दहापैकी तीन-चार व्याख्यांमध्येच अडखळायला झालं, तर आधी त्या दोन हजार पायाभूत शब्दांची डागडुजी करा. ती न करता पुढे गेलात तर एका शब्दासाठी दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा अशी भिंगरी सुरू होते आणि पंधरा मिनिटांनी मूळ शब्द कुठला होता तेच आठवत नाही.

आता व्याख्येच्या आत काय असतं ते बघू. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईची व्याख्या करायची आहे. ‘शिंगं असलेला प्राणी’ म्हटलं तर म्हैसही आत येते, शेळीही येते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाचा प्राणी’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एकसंध खुराचा प्राणी’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. मग गाईचं लक्षण काय? गळ्याखाली लोंबणारी पोळी, सास्ना. इंग्रजी शब्दांसाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

‘कन्डोन’लाच लावून बघा. ‘चूक माफ करणे’ ही अतिव्याप्ती, कारण यात फर्गिव्ह, पार्डन, एक्स्क्यूज सगळेच घुसतात. ‘कोर्टाने विलंब माफ करणे’ ही अव्याप्ती. ‘निर्दोष ठरवणे’ हा असंभव. तो अर्थ ‘एक्झॉनरेट’चा आहे, तिथे चूक झालेलीच नसते. आणि सास्ना कुठली? चूक आहे हे माहीत असणं आणि तरीही ती चालू देणं.

कोशातली व्याख्या वाचताना हीच सास्ना शोधायची असते. व्याख्येत आधी जात सांगितलेली असते: ही एक प्रकारची कृती, हा एक प्रकारचा माणूस, ही एक भावना. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण इथवर मराठी प्रतिशब्द मिळून जातो. खरा माल त्याच्यापुढे असतो, बारीकसारीक शब्दांत. कोणी, कशाला, कशासाठी, कसं. ‘एस्पेशली’, ‘ऑफन’, ‘इन ऑर्डर टू’, ‘विदाउट’, ‘बिकॉज’ हे शब्द व्याख्येत आले की तिथे पेन्सिलने खूण करा. ‘इक्विव्होकेट’च्या व्याख्येत संदिग्ध बोलणं ही जात झाली, सत्य लपवण्यासाठी किंवा सरळ उत्तर टाळण्यासाठी, हा भेद. आपल्याकडे गुळमुळीत बोलणं म्हणतात ते याच्या अगदी जवळचं, पण माणूस भिडस्तपणानेही गुळमुळीत बोलतो. ‘इक्विव्होकेट’ करणाऱ्याचा टाळण्याचा हेतू असतो. पत्रकार परिषदेत विचारलेल्या प्रश्नाला मंत्री जे देतो ते हे.

व्याख्येच्या आधी तिरप्या अक्षरांत एक-दोन शब्द असतात, त्यांच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ‘फॉर्मल’, ‘लिटररी’, ‘अप्रूव्हिंग’, ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘युज्वली पॅसिव्ह’. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनिअस’ दोघेही पैसा जपून वापरतात. पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. शिफारसपत्रात दुसरा शब्द गेला तर ज्याची शिफारस करायची त्याचीच निंदा होते. शब्दाची जात बरोबर, रंग चुकीचा.

शब्दाची सोबत हीदेखील व्याख्येचाच भाग समजा. ‘कमी करणे’ या एका क्रियापदाखाली यादीत ‘मिटिगेट’, ‘अलीव्हिएट’ आणि ‘अबेट’ असे तिघं येतात. ‘मिटिगेट’च्या पुढे धोका, नुकसान, परिणाम असे शब्द येतात. ‘अलीव्हिएट’च्या पुढे वेदना, हाल, गरिबी. ‘अबेट’ बहुतेक वेळा आपोआप घडतं: वादळ अबेट होतं, आवाज अबेट होतो. यासाठी मराठीत ‘कमी होणे’पेक्षा नेमका शब्द आहे, ओसरणे. पाऊस ओसरतो, ताप ओसरतो, राग ओसरतो. ‘मिटिगेट’च्या मागे ‘अगेन्स्ट’ लावायची सवय मात्र अनेकांना असते. ती ‘मिलिटेट अगेन्स्ट’ या भलत्याच शब्दावरून आलेली आहे आणि चूक आहे. ‘मिटिगेट’ला थेट कर्म लागतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. मराठीला बाजूला ठेवून फक्त इंग्रजीतून इंग्रजी शिका, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. घोटाळा होतो तो एकशब्दी आणि पुस्तकी मराठीमुळे. ‘परफंक्टरी’समोर ‘औपचारिक’ लिहिलं तर ‘फॉर्मल’शी गल्लत झालीच म्हणून समजा. तेच ‘पाट्या टाकल्यासारखं’ लिहा. काम केलं तर आहे, पण मन नाही, कर्तव्य म्हणून उरकलंय, हे सगळं त्यात आलं. फक्त एक पुरवणी जोडावी लागते: पाट्या आपण कामात टाकतो, ‘परफंक्टरी’ मात्र मान डोलावण्यालाही लागतो, नजर टाकण्यालाही आणि माफी मागण्यालाही. तसंच ‘प्रोक्रॅस्टिनेट’ला चालढकल. ‘मेटिक्युलस’ला काटेकोर. ‘नोटोरिअस’ला कुप्रसिद्ध, हा तर प्रतिशब्द म्हणून चोख बसतो, वर काही जोडायला नको. ‘गलिबल’ला नुसतं ‘भोळा’ लिहू नका. भोळेपणाचं मराठीत कौतुकही होतं, ‘गलिबल’मध्ये ते नाही. कोणीही टोपी घालावी असा, हे जास्त बरोबर. आपले वाक्प्रचार पारिभाषिक शब्दांपेक्षा व्याख्येच्या किती तरी जवळ जातात.

आता प्रत्यक्ष काम. शब्द यादीतून घेऊ नका, वाचनातून घ्या. रोजचा अग्रलेख, तुमच्या विषयातला लेख, कादंबरी, काहीही चालेल. अनोळखी शब्द पहिल्यांदा भेटला की समासात टिंब करा आणि पुढे जा. तोच शब्द पंधरा दिवसांत पुन्हा भेटला तर त्याचं कार्ड करा. या एका नियमाने दुर्मीळ, मिरवण्यापुरते शब्द आपोआप गळतात. रोज सहा शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे वर्षाला दीड हजारांच्या वर. सुरुवातीला एका शब्दाला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे अर्धा तास झाला. महिन्याभराने हात बसला की तीन मिनिटं पुरतात.

कार्डावर काय लिहायचं? एका बाजूला शब्द, त्याचा उच्चार, आणि ज्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर येतो त्याखाली रेघ. मराठीत आपण सगळे अवयव साधारण सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत तसं चालत नाही. स्पेलिंगवर तर विसंबूच नका: ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ आणि ‘एपिटमी’ला ‘एपिटोम’ म्हणणारे चांगले वाचणारे लोकच असतात, कारण त्यांनी तो शब्द फक्त वाचलेला असतो. कोशात स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबा आणि दोनदा मोठ्याने म्हणा.

दुसऱ्या बाजूला तुमची स्वतःची व्याख्या. कोशातली उतरवू नका. कोश मिटून लिहा. बारा ते वीस शब्द, मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत. कोबिल्डची पूर्ण वाक्याची पद्धत मराठीला छान मानवते: ‘एखाद्याला अमुक करायचं नसतं, पण शेवटी तो ते करतो, तेव्हा त्याला रिलक्टंट म्हणतात.’ लिहून झाल्यावर कोश उघडून तीन दोष तपासा. वरच्या वाक्यात दोष आहे. शेवटी त्याने ते केलंच पाहिजे असं नाही. मन मागे ओढतंय, पाऊल जड झालंय, एवढं पुरेसं आहे. म्हणजे अव्याप्ती झाली. खोडा, दुरुस्त करा. शब्द डोक्यात रुजतो तो या खाडाखोडीत. कोशातलं वाक्य नुसतं उतरवताना हात चालतो, डोकं बाजूलाच राहतं.

त्याखाली दोन-तीन सोबती शब्द आणि एक वाक्य. वाक्य असं हवं की त्यात दुसरा शब्द बसताच कामा नये. ‘ही वॉज परफंक्टरी’ हे वाक्य निरुपयोगी आहे, तिथे ‘हॅपी’ही बसतो, ‘टॉल’ही बसतो. ‘ही गेव्ह द फॉर्म अ परफंक्टरी ग्लान्स अँड स्टॅम्प्ड इट’ म्हटलं की खिडकीमागचा कारकून दिसतो आणि शब्दही दिसतो.

एका कार्डावर एकच अर्थ. ‘सँक्शन’ आपल्याला बँकेतून माहीत असतो, लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं. मग बातमीत एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ आल्याचं वाचून गोंधळ होतो, कारण तिथे अर्थ निर्बंध. ‘ओव्हरसाइट’चंही तसंच, एकदा देखरेख आणि एकदा नजरचूक. अशा शब्दांची दोन स्वतंत्र कार्डं करा, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. हाच नियम सारख्या दिसणाऱ्या जोड्यांना. ‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ एकाच दिवशी शिकलात तर दोन्ही शब्द लक्षात राहतील आणि कुठला कुठला ते राहणार नाही. एक आधी पक्का करा, मग दुसऱ्याला हात घाला. समानार्थी शब्दांचे दहा-दहाचे गठ्ठे पाठ करण्यातही हाच धोका आहे. त्यांची तुलना करायची ती ओळख झाल्यानंतर.

धातू आणि उपसर्ग उपयोगी आहेत, पण ते लक्षात ठेवायला. अर्थ त्यांच्यावरून ठरवू नका. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं असं वाटतं. अर्थ आहे चटकन पेटणारं, आणि इथली गफलत जिवावर बेतू शकते. ‘एनर्व्हेट’ ऐकायला ‘एनर्जी’सारखा, अर्थ उलटा: गळून जायला लावणे. ‘इनव्हॅल्युएबल’ मात्र मराठी माणसाला फसवत नाही, कारण आपल्याकडे ‘अमूल्य’ अगदी याच घडणीचा आहे, मोल करता येत नाही इतकं मोलाचं.

उजळणीशिवाय हे सगळं वाहून जातं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि नंतर तो वेग मंदावतो. म्हणून पहिल्या उजळण्या जवळ, नंतरच्या लांब. कागदी कार्डं असतील तर सेबास्टियान लाइटनरची पद्धत सोपी आहे: डब्याचे पाच कप्पे, बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. फोनवर करायचं असेल तर ‘अँकी’ हे उजळणीचं अ‍ॅप. ते अँड्रॉइडवर आणि कंप्युटरवर फुकट आहे, आयफोनवर विकत. त्यात नव्या कार्डांची ठरलेली संख्या रोज वीस असते, ती आधी सहावर आणा. वीस ठेवली की पहिले दहा दिवस मजा वाटते, पुढे उजळणीच शंभरावर जाते, दोन दिवस खंड पडतो, डोंगर साचतो आणि माणूस अ‍ॅप उघडायचंच टाळतो.

कार्ड दोन्ही बाजूंनी विचारा. शब्द बघून अर्थ आला तर वाचनापुरतं भागलं. व्याख्या बघून शब्द आला तरच तो लिहिताना हाताशी येईल. आणि इथे व्याख्येची खरी परीक्षा होते. तुमची व्याख्या वाचून तीन वेगवेगळे शब्द आठवत असतील तर तुमच्या आठवणीला दोष देऊ नका, व्याख्येत अतिव्याप्ती आहे. परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरईसारख्या परीक्षेत नेमकं हेच विचारतात. 2011 पासून तिथे विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांमधलं साम्य ओळखण्याचे सुटे प्रश्न नाहीत. वाक्यातल्या रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून एकच अर्थ देणारे दोन निवडायचे असतात. एकशब्दी मराठी अर्थ पाठ असलेल्याला तिथे सहाही पर्याय सारखेच वाटतात.

एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी त्यावर ‘लीच’ अशी खूण लावतं. लीच म्हणजे जळू, आणि ती वेळ खरोखरच शोषते. असं कार्ड आणखी घोकू नका. ते फाडा, कोश पुन्हा उघडा, दुसऱ्या कोशातली व्याख्या शेजारी ठेवा आणि नव्याने लिहा. बहुतेक वेळा दोष सापडतो तो तीनपैकी एका जागी: व्याख्या सैल आहे, वाक्यात चित्र नाही, किंवा जोडीचा सारखा दिसणारा शब्द त्याच आठवड्यात शिरलाय. तिन्ही ठीक असतील आणि तरीही शब्द बसत नसेल, तर सरळ सोडून द्या. तो कामाचा असेल तर वाचनात पुन्हा भेटेलच, तेव्हा समासात परत टिंब करायचं.